चौकशीआबांचा फळा

आमच्या चौकातल्या माणसांची एक रीत आहे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं आणि गल्ली सोडून गेलेल्या माणसाबद्दल काहीच बोलायचं नाही. चौकशीआबा जिवंत आहेत, कळंब्याला मुलाकडे राहतात, पण इथं त्यांचं नाव कोणी काढत नाही. म्हणून मी काढतो. गिऱ्हाईक समोर असलं की मुद्दाम काढतो. मग गिऱ्हाईक नळाची तोटी हातात घेऊन उगीच तिचे आटे बघत बसतं.

माझं दुकान पाइप, तोट्या, टाक्या, मोटारी आणि पाण्याच्या फिल्टरचं. कुरुंदवाडकडून मोकळ्या हातानं आलो, दुसऱ्याच्या दुकानात पाइप कापले, आणि मग हे स्वतःचं उभं केलं. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलं नाही आणि काही विकलंही नाही. दुकानाची एक भिंत चौकाकडे तोंड करून आहे आणि त्या भिंतीवर तालमीचा काळा फळा आहे. मी दुकान घेतलं त्याच्या आधीपासूनचा. पाणी किती वाजता येणार, घंटागाडी येणार की नाही, लसीकरण कुठल्या शाळेत, कुठला रस्ता खणलाय, कोण वारलं आणि रक्षाविसर्जन किती वाजता, गल्लीला लागणारं सगळं त्या फळ्यावर. लिहायचे आबा. त्यांना हे काम कोणी दिलं नव्हतं, आणि काढूनही कोणी घेतलं नव्हतं.

नाव श्रीपती. सगळी नोकरी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. गाडी कधी सुटणार, कुठल्या फलाटावर लागणार, हे भोंग्यावरून सांगायचं. त्यामुळं प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची सवय जिभेला लागली होती आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. "बसा आबा" म्हटलं की, "बसत न्हाई. बसत न्हाई." त्यांची बायको होती तेव्हा हसून सांगायची, "माझ्या लग्नातबी नाव दोनदा घेतलं ह्यांनी. भटजी म्हणालं, एकदा बास की!"

सकाळी सायकलवरून पालिकेच्या विभागीय कार्यालयात जायचं. तिथं बाकावर बसायचं नाही, उभं राहायचं. जो कोणी भेटेल त्याला विचारायचं. परत येऊन ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, वाळू द्यायचा आणि मग लिहायचं. प्रत्येक बातमीच्या शेवटी एक शब्द असायचा: 'विचारलंय' किंवा 'ऐकलंय'. स्वतः जाऊन खात्री केली असेल तर विचारलंय. नुसतं कानावर आलं असेल तर ऐकलंय. आमच्या गल्लीतल्या बायका 'ऐकलंय'वर एक बादली भरून ठेवायच्या आणि 'विचारलंय'वर सगळी भांडी. 'लवकरच' हा शब्द त्या फळ्यावर कधी आला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लवकरच म्हंजे कवा, असं खिडकीत माणूस विचारतंय. मग काय सांगायचं?"

सुरुवातीला माझं त्यांच्याशी वाजलं होतं. भिंत माझी, तर त्यातून काहीतरी मिळालं पाहिजे, असा माझा साधा हिशोब.

"आबा, फळ्याच्या खाली आमच्या दुकानाचं नाव येऊ दे."

"फळ्यावर दुकान न्हाई. फळ्यावर दुकान न्हाई."

"बारीक अक्षरात."

"न्हाई."

"बरं, फक्त रविवारी."

आबांनी खडू खिशात घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "पावणं, तुमी माझ्यासंगं भाव करताय. घासाघीस केली म्हणून गाडी लवकर सुटती व्हय?"

मी इथं दुकान टाकून केस पांढरे केले, पण आबांच्या तोंडी मी शेवटपर्यंत पावणंच राहिलो. त्यांच्या घरच्या नळाचा वायसर गेला तर तो माझ्याकडून न घेता लांब दुसऱ्या दुकानातून आणायचे. माझ्या दुकानात चहा सोडाच, पाण्याचा घोटही त्यांनी कधी घेतला नाही. उन्हातून सायकल मारत यायचे, सदरा पाठीला चिकटलेला असायचा. मी तांब्या पुढं करायचो. "नगं. नगं." कारण विचारलं तर सांगायचे, "तुमच्या भितीवर लिवतोय. तुमचं पाणी प्यालो तर लिवलेलं तुमचं हुतंय." मला राग यायचा. फुकट दिलेलं नको म्हणणारा माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता.

आणि त्यांनी माझं नुकसान केलेलंही या गल्लीनं बघितलं आहे. एका उन्हाळ्यात आवई उठली की मोठी जलवाहिनी फुटली, आता बरेच दिवस पाणी नाही. दुपारपर्यंत माझ्याकडच्या टाक्या संपत आल्या. लोक टाकीला हात लावून उभे, मी वाटेल तो भाव सांगतोय आणि तो मिळतोय. तेवढ्यात आबा सायकलवरून आले, फडकं ओलं केलं आणि माझ्याच भिंतीवर लिहिलं: 'जलवाहिनी फुटलेली नाही. व्हॉल्व बदलतात. उद्या सकाळी पाणी. विचारलंय.' टाकीला धरलेले हात सुटले. ज्यांनी टाकी घरी नेली होती ते परत घेऊन आले. मी भर चौकात आबांना वाटेल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोला. खिडकीत सवय हाय. बोला." दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं.

एवढं गल्लीनं डोळ्यांनी बघितलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पुढं गल्ली नेमकं हेच विसरली.

मधल्या काही वर्षांत शहराला नगरसेवकच नव्हते. निवडणूक झाली नव्हती, कारभार प्रशासकाकडं. आधी आमच्या लोकांना निदान शिव्या घालायला एक दार होतं. ते बंद झाल्यावर लोक फळ्यापाशी यायला लागले. गटार तुंबली, आबा. दिवा गेला, आबा. कुत्री वाढली, आबा. एक बाई रिकामी कळशी त्यांच्या पायापाशी आपटून म्हणाली, "रोज लिवतासा की पाणी येणार, कुठं हाय पाणी? का नुसता खडू झिजवायलाय?" आबा कळशी सरळ करून ठेवत म्हणाले, "मी गाडी चालवत न्हाई बाई. मी नुसतं सांगतो." ती गेल्यावर मी म्हणालो, सोडा हे लष्कराच्या भाकरी भाजणं. तर म्हणाले, "खिडकी बंद केली तर लोक डायवरला मारत्यात, पावणं. खिडकी उघडी पाहिजे."

मग पाण्याला वास यायला लागला.

आबा कार्यालयात जाऊन विचारून आले, तिथल्या फिटरला घेऊन आले. दोघं गल्लीभर वाकून वाकून बघत फिरले. मुख्य लाइन चांगली होती. दोष आमच्या घराघरांत होता. प्रत्येक घराचा नळजोड गटारीतून ओढलेला, तो गंजून चाळण झालेला. पाणी बंद झालं की गटारीतलं आत ओढलं जात होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं: 'गल्लीतले नळजोड गटारीतून गेलेत. गंजलेत. पाणी उकळून प्या. ज्याने त्याने आपला पाइप बदला. विचारलंय.'

आमच्या गल्लीत मालन काकीची खानावळ आहे. शिकायला आलेली पोरं तिच्याकडे जेवतात, माझा दुपारचा डबाही तिचाच. डबा घेऊन तिची सून पूजा यायची. पहिलटकरीण, दिवस भरत आले होते, तरी डबा द्यायला स्वतः यायची आणि बजावायची, "शेठ, आज आमटी झणझणीत झालीया. दही मागून ठेवा." त्या दिवशी ती फळ्यापुढं बराच वेळ उभी राहिली. मग आत येऊन हळूच म्हणाली, "फिल्टर न्हाई घेतला, नुसतं उकळलं तर चालतंय न्हवं?"

"चालतंय की. आबांनी तेच लिहिलंय."

"आत्ती म्हणतात, खानावळीचं एवढं पाणी उकळायला ग्यास कोण भरणार. आणि दारात आत्ताच फरशी घातलीया, ती कोण उकरणार." हसली आणि गेली.

गल्ली चिडली ती पाण्यावर नाही, फळ्यावर. खानावळीतली पोरं बिचकली. खोल्या भाड्यानं देणारे म्हणाले, गल्लीचं नाव खराब झालं. ज्यांनी गटारीवर फरशी घालून गाडी लावायला जागा केली होती ते तर पेटलेच. तालमीच्या हॉलमध्ये बैठक बसली. पहिल्यांदा मालन काकीच उठली.

"फळा कुणाच्या भितीवर हाय? शेठच्या. पाइप कोण इकतंय? शेठ. फिल्टर कोण इकतंय? शेठ. आणि फळ्यावर काय लिवलंय? पाइप बदला, पाणी उकळा. मी काय बोळ्यानं दूध पितो व्हय?"

मी ताडकन उठलो. "काकी, जीभ आवरा! ह्या माणसानं माझ्या दुकानातलं पाणीसुद्धा कधी प्यायलं न्हाई!"

"लोकांसमोर पीत न्हवतं म्हणा की," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा हॉल हसला.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "चला, अख्ख्या गल्लीला खरेदीच्या भावात फिल्टर देतो! बोला!" आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता काहीतरी देत होतो. तर मागून तोच आवाज: "बघा, चोरी पकडल्यावर भाव कसा उतरला."

आणखी हसणं. आबा खाली मान घालून बसले होते.

मग वस्ताद उठले. तालमीचे म्हातारे पैलवान, त्यांचा शब्द गल्लीत चालतो. त्यांना भांडण मिटवायचं होतं, हे मला मान्य आहे. देव्हाऱ्यातनं जोतिबाच्या गुलालाची वाटी आणून त्यांनी आबांच्या पुढं ठेवली. "श्रीपती, गुलाल उचल आणि म्हण की शेठकडनं काय घेतलेलं न्हाई. इषय संपला. मग तू म्हणशील तसं पाइप बदलू. सगळी."

आमच्याकडं ही शपथ शेवटची. गुलाल उचलून खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही, आणि उचलून बोललेल्यावर पुन्हा कोणी शंका काढत नाही. जमिनीचे वाद यावर मिटलेत. मी मनात म्हटलं, सुटलो.

आबा वाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गुलाल उचलणार न्हाई. गुलाल उचलणार न्हाई."

त्यांनी वाटी वस्तादांकडं सरकवली.

"वस्ताद, मी उभ्या जन्मात शपथ घिऊन गाडीची वेळ सांगितली न्हाई. ज्याला खोटं वाटलं त्यो फलाटावर जाऊन बघायचा. माझं खोटं वाटतंय, तर आपापल्या दारातली फरशी उचला आणि पाइप बघा. गुलाल कशाला?"

"न्हाई उचलत म्हंजे खाल्लंय," कोणीतरी म्हणालं. या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. "आबा, दोन बोटांचं काम हाय. तुम्ही खरे आहात. परत चला, उचला आणि मोकळे व्हा."

"आज पाण्यासाठी उचलला तर उद्या घंटागाडीसाठी उचल म्हणतील. मग फळ्यावर काय ऱ्हातंय, पावणं? गुलालच."

सकाळी ते सायकल न घेता आले. फडकं ओलं केलं आणि सगळा फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला. वाळेपर्यंत उभे राहिले. काही लिहिलं नाही. खडूचा तुकडा फळ्याच्या खालच्या पट्टीवर ठेवला आणि घरी गेले. गल्लीनं मोबाइलवर ग्रुप काढला. त्यात पाण्याच्या वेळा यायच्या, प्रत्येकाची वेगळी, आणि त्यांच्या मागंपुढं फुलांची चित्रं.

कावीळ आधी खानावळीतल्या पोरांना झाली. ती आपापल्या गावी गेली. मग घराघरांत डोळे पिवळे दिसायला लागले. कोणी गळ्यात माळ बांधून आणली, कोणी ऊस खाल्ला. पूजाला झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. सागरनं, तिच्या नवऱ्यानं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवली. पोटातलं बाळ आधी गेलं, मग ती गेली.

दुपारी सागर माझ्या दुकानात आला. काउंटरला धरून उभा राहिला. "शेठ, आबास्नी सांगता काय? फळ्यावर लिवायचं हाय. आई म्हणती, दुसऱ्याच्या हातनं नगं."

बैठकीत मागच्या रांगेतून बोलणारा आवाज ह्याचाच होता. मला बैठकीतच ओळखू आला होता. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि आबांच्या घरी गेलो.

आबा आले. खडूचा तुकडा ठेवला होता तिथंच होता. फळा पुसायची गरज नव्हती, तरी पुसला. लिहिलं: 'कै. सौ. पूजा सागर. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ.' अक्षर नेहमीसारखंच, सुटं आणि ठळक. खाली फळाभर जागा मोकळी होती. चौकात सगळे उभे होते, मालन काकी उंबऱ्यात बसली होती, आणि त्या मोकळ्या जागेत पाण्याची कुठली ओळ यायला पाहिजे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आबांनी खडू टेकवला. एक पांढरा ठिपका उमटला. हात तसाच थांबला, मग खाली आला. ते गेले. ठिपका राहिला.

मला त्या ठिपक्याचा राग आहे. लिहायचं होतं. त्या दिवशी लिहिलं असतं तर उलट बोलायची कोणाची हिंमत झाली नसती.

पण लिहायची गरजही उरली नव्हती. दिवसकार्य झालं आणि गल्लीतल्या फरश्या फुटायला लागल्या. गटारीतून निघालेले पाइप दारादारांत पडले होते, हातात घेतले की चुरा व्हायचा. माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. फिल्टर संपले, मी पुन्हा मागवले, तेही संपले. आणि एकाही गिऱ्हाइकानं घासाघीस केली नाही. मी सांगितला तो भाव मुकाट्यानं देऊन, मान खाली घालून लोक जात होते. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आयुष्यभर वैतागलो, पण त्या दिवसांत वाटत होतं की एकानं तरी भांडावं. एक जण पाइप खांद्यावर घेताना सोबतच्याला म्हणाला, "शेठचं मातूर बरं झालं." मी पाना फेकून मारला. लागला नाही.

आबांकडं कोणी गेलं नाही. माफी मागायला नाही, फळा लिहा म्हणायला नाही. रस्त्यात आबा दिसले तर वस्ताद दुसरीकडं बघायचे. आता त्या फळ्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. एक उतरला की दुसरा चढतो. भिंत माझी आहे, पण मी कोणाला अडवत नाही.

आबा कळंब्याला निघाले त्या सकाळी टेम्पो माझ्या दुकानासमोर लागला होता. सामान थोडं: एक कॉट, भांड्यांचं पोतं, सायकल. मुलगा दोर बांधत होता. आबा येऊन दुकानाच्या पायरीवर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बसले, आणि चौकाकडं तोंड करून.

"पावणं, पाणी द्या."

एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणतील म्हणून मी क्षणभर थांबलो. मग आत जाऊन तांब्या भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"गुलाल उचलला असता तर ती पोरगी..." माझ्याकडं बघत राहिले. खिडकीत बसून जन्मभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेला माणूस मला विचारत होता. मी कोणाचं ऐकून न घेणारा, प्रत्येक बोलण्यावर उलट बोलणारा माणूस. मी एवढंच म्हटलं, "पाणी प्या, आबा."

आबांनी मान वर केली आणि तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायला सुरुवात केली. सावकाश, सगळ्या चौकाला दिसेल असं. मानेवरून ओघळ सदऱ्यात गेले तरी थांबले नाहीत. तांब्या संपला. "आणि द्या," म्हणाले. मी दुसरा दिला. तोही तसाच, चौकाकडं तोंड करून प्यायले.

वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर पेपर वाचत होते. मालन काकी दारात बसून डबे पुसत होती. सागर गाडीला किक मारत होता. नळाला पाणी आलं होतं, दारादारांत बायका होत्या. कोणीही बघितलं नाही.

आबांनी रिकामा तांब्या पायरीवर उपडा ठेवला आणि टेम्पोत जाऊन बसले.